सुराखालची कॉर्ड

४ फेब्रुवारी

भोपळ्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून कुणाचं काय झालं असं मनात आलं असेल तर आधी ते काढून टाक. सगळे जिवंत आहेत. तुझी आई धडधाकट आहे, मामा धडधाकट आहेत, आणि मला काही होत नाही असं मामाच सगळ्यांना सांगत असतात. फोन केला नाही, कारण फोनवर तू 'हं, हं' करतोस आणि मी हवामानावर येते. शिवाय मी बोलत असले की तुझी आई शेजारच्या खोलीतून उत्तरं देते.

तुला अजून भोपळ्या म्हणते म्हणून रागावू नकोस. तुझ्या दवाखान्याच्या पाटीवर मोठं नाव आहे, ठाऊक आहे मला. पण तू झालास तेव्हा तुला उचलताना माझी कंबर धरली होती, ती काही पाटी वाचून सुटली नाही.

काम असं आहे. तू कानांचा माणूस. लोकांना खोलीत बसवतोस, कानांवर डबडी चढवतोस आणि 'ऐकू आलं की बटण दाबा' म्हणतोस. तेच काम माझं तुझ्याकडे आहे. फक्त जिचा कान आहे तिला ते कळता कामा नये.

डिसेंबरात तुझ्या आईला सर्दी झाली आणि ती डाव्या कानात उतरली. तुला कळवायचं नाही असं तिनं मला बजावलं होतं, म्हणून तेव्हा कळवलं नाही आणि आता कळवतेय. ताप गेला, ठणका गेला. मग एक दिवस दारावरची बेल वाजली तर म्हणाली, "ही बेल कधी बदललीत?" बेल तीच आहे, तुझ्या बाबांनी बसवलेली. मग तिला केटलची शिट्टी चढी वाटायला लागली. मग पियानो. ट्यूनरला दोनदा बोलावून झालं. दुसऱ्या वेळी तो बिचारा नुसता झाकण उघडून बसला, चहा प्यायला आणि गेला. "त्या माणसाचे कान तपासायला हवेत," असं तुझी आई त्याच्या पाठीमागे म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडं, हे तिच्या तोंडावर म्हणायची माझी छाती नाही. आणि खरं सांगायचं तर तिला नाचता येत नाही असं आजवर कधी झालंच नव्हतं. तिचा सूर म्हणजे आमच्या घरातली फूटपट्टी.

आता रविवारचं सांगते. आम्ही अजून त्याच हॉटेलात वाजवतो, जेवणाच्या हॉलमध्ये, दुपारी, लोकांची जेवणं आटपत आली की. पियानोवर मी, उभ्या बेसवर मामा, ड्रमवर आपला टकला, आणि पुढं तुझी आई. शेवटचं गाणं 'अजून' या शब्दावर संपतं, आणि 'जू'वर ती लांब थांबते. गाणं सी मेजरमधलं, तो सूर ई. तिथं ती अशी उतरते की हॉलमधले काटेचमचे थांबतात. जानेवारीतल्या त्या रविवारी ती ईवर उतरलीच नाही. एफवर उतरली, अर्धी पायरी वर. आणि डोळे मिटून, हात पसरून तिथंच उभी राहिली.

तुला हे शिकवलेलं आहे, पण विसरला असशील म्हणून सांगते. कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे सूर, एका घरातली माणसं: पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. त्यांच्या वर चढलं की नववा, अकरावा, तेरावा भेटतात. ते पाहुणे. जॅझवाले त्यांना टेन्शन म्हणतात, पण नावावर जाऊ नकोस, घराला शोभा त्यांच्यामुळेच येते. फक्त पाहुण्याला कुठं बसवायचं ते यजमानाला कळायला हवं. सी मेजरवर एफ म्हणजे अकरावा, आणि तो थेट तिसऱ्याच्या मांडीवर जाऊन बसतो. मग दोघंही केकाटतात. पण खाली ई फ्लॅट मेजर, म्हणजे ईच्या अर्धी पायरी खालची कॉर्ड, धरली की तोच एफ नववा होतो, आणि इतका देखणा दिसतो की घरच्यांनी उठून जागा द्यावी.

मी विचारबिचार काही केला नाही. हात उचलले आणि ई फ्लॅट मेजर धरली. मामांचा बेस सीवरच राहिला असता तर माझी सगळी हुशारी पाण्यात गेली असती. पण ज्यांना तीन हाका मारल्याशिवाय जेवायला यायचं कळत नाही ते तुझे मामा, मान न वळवता, त्याच क्षणी ई फ्लॅटवर गेले. या माणसाशी मी लग्न का केलं ते मला त्या दुपारी पुन्हा कळलं.

लोकांनी गाणं संपायच्या आत टाळ्या वाजवल्या. घरी जाताना तुझी आई म्हणाली, "आज शेवट बरा झाला, नाही?"

"झाला की."

"तू काही वेगळं वाजवलंस का गं?"

"छे, काय वन्सं. नेहमीचंच."

तेव्हापासून दर रविवारी हेच. जी सुराच्या जागी ए फ्लॅट आला तर मी सी सेव्हन करून त्याला उतरलेला तेरावा म्हणून खपवते आणि पुढच्या कॉर्डकडे पळते. टेबलाच्या कडेवर पेला ठेवणारं पोर घरात असलं की आई जशी बोलता बोलता हात पुढं धरून असते, तशी मी तिच्या सुरांखाली हात धरून असते. तिला पत्ताही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण मूठ किती दिवस झाकायची, आणि माझी बोटंही आता म्हातारी झाली आहेत.

तेव्हा सांग, हा कान बरा होतो का? आणि तिला कळवायचं नाही.

तुझी मामी

१९ फेब्रुवारी

भोपळ्या,

तुझं उत्तर आलं. चार ओळी. वीज तोडायच्या नोटिसा यापेक्षा मायेनं लिहिलेल्या असतात.

पहिली ओळ: दोन कानांना दोन वेगळे सूर ऐकू येणं हा ओळखीचा दोष आहे, तपासल्याशिवाय बोलता येणार नाही. मान्य. दुसरी: तपासणी होईपर्यंत तिला गाऊ देऊ नका. तू येऊन थांबव, मी पियानोमागून बघते. तिसरी: 'तुम्ही दोघं तिला फसवताय.' आणि चौथी: 'मला तिनं सगळ्यांसमोर थांबवलं होतं, तेव्हा माझ्या सुराखाली कुणी हात धरला नव्हता.'

ही चौथी ओळ वाचून मी चहा तसाच ठेवला.

बाळा, तो दिवस मला आठवतो. तेव्हा मी बँडमध्ये नव्हते. पियानोवर तुझे बाबा होते आणि मी मागच्या टेबलाशी बसून आइस्क्रीम खात होते. मला पियानोतलं तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. तू क्लॅरिनेटवर कुठला सूर धरलास ते मला समजलं नाही, मला दिसला तो फक्त तुझ्या आईचा वर गेलेला हात. गाणं थांबलं आणि ती भर हॉलमध्ये म्हणाली, "याला कान नाही." किती पोरगेलं वय तुझं. तू क्लॅरिनेट पेटीत ठेवलीस, पेटी घरी ठेवलीस आणि पुढं लोकांच्या कानांचाच अभ्यास करायला निघून गेलास. तेव्हापासून तुम्हा मायलेकांचं बोलणं म्हणजे वाढदिवसाचे दोन फोन. ती तुझ्या कामाला 'कानात बोळे घालायचा धंदा' म्हणते, आणि तू तिच्या गाण्याचं नावच काढत नाहीस. दोघंही एकाच मातीचे. मी कुणाची बाजू घेत नाही. तिचं चुकलं होतं. पण तिचं चुकलं म्हणून आता मीही तिच्यासारखा हात वर करायचा, हे काही माझ्या गळी उतरत नाही.

मात्र फसवण्याचं तू बोललास ते मनाला लागलं, कारण त्याचे भोग आता समोर आले आहेत.

झालं असं, की परदेशात नाव काढलेले एक पियानोवाले सध्या इथं मुक्कामाला आहेत. ते गेल्या रविवारी हॉलमध्ये जेवायला बसले होते. गाणं संपल्यावर नॅपकिन तसाच गळ्यात घेऊन उठले आणि तुझ्या आईसमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, या वयात असे सूर? साध्या चालीत तुम्ही नववा काय धरता, उतरलेला तेरावा काय धरता, आणि पुन्हा इतक्या बेफिकिरीनं! वीस एप्रिलला मोठ्या सभागृहात माझा कार्यक्रम आहे. माझ्यासोबत तुम्ही गायचंच."

तुझ्या आईला आकाश ठेंगणं झालं. माझ्याकडे वळून काय म्हणाली असेल? "बघ, मी सांगत नव्हते? माझा आवाज आता पिकलाय."

पियानोवर अर्थात ते स्वतः बसणार. बेसही त्यांचाच, ड्रमही त्यांचाच. त्यांच्या कागदावर जिथं सी मेजर लिहिलं आहे तिथं ते सी मेजर वाजवणार, का नाही वाजवणार? आणि ती तिथं एफवर उभी राहणार, डोळे मिटून, हात पसरून, हजार माणसांसमोर. खाली धरायला कुणी नाही. मी तिला आगीतून काढून फुफाट्यात टाकलं आहे, भोपळ्या.

काल सांगायचंच ठरवून तिच्या खोलीत गेले. ती निळ्या झग्याला इस्त्री करत होती. मला बघून म्हणाली, "अगं, हा घालू की तो करडा? करड्यात मी म्हातारी दिसते." मी म्हटलं निळा घाला आणि बाहेर आले. मामा व्हरांड्यात बसले होते. मी विचारलं, "तुम्ही सांगाल का?" ते म्हणाले, "मी बेस वाजवतो." यांच्याकडून एवढंच मिळालं.

तेव्हा नोटीस पाठवू नकोस, उपाय पाठव. गाणं काढून घेतलं तर ती सरळ झोपून राहील. आणि गाऊ दिलं तर तिथं सगळ्यांसमोर कोसळेल. मला दोन्ही नको आहे.

मामी

५ मार्च

भोपळ्या,

पाकीट मिळालं. तुझा मेणाचा बोळाही मिळाला. 'डावा कान बंद करा. उजवा खरा आहे, त्या एकट्यानं तिला बरोबर ऐकू येईल. कायमचा इलाज नाही, पण चालेल. आधी घरी करून बघा.' चार ओळी झाल्या म्हणून मी कागद घडी घालणार होते, तर खाली पाचवी होती: 'तिला टोचू नये म्हणून कडा हातानं मऊ केल्या आहेत.'

ती पाचवी ओळ मी मामांनाही वाचून दाखवली. ते चष्मा पुसत बसले.

तुझ्या आईला मी सांगितलं की हॉलमधल्या एसीचा गारवा कानाला बरा नाही, डॉक्टरांनी हे घालायला सांगितलंय. कुठले डॉक्टर ते तिनं विचारलं नाही, आणि डॉक्टरांचं म्हणशील तर ते एका अर्थी खरंही आहे. म्हटलं, आत्ता घालून बघा, दोन ओळी म्हणून बघा. तर म्हणते कशी, "घरी कुठं एसी आहे?" आणि बोळा पर्समध्ये टाकला. आता तिच्या पर्समधून वस्तू बाहेर काढणं म्हणजे सिंहाच्या जबड्यात हात घालणं. रविवारच्या आत पुन्हा प्रयत्न करते.

मामी

११ मार्च

भोपळ्या,

हे पत्र जरा बसून वाच. पेशंट असतील तर त्यांना थांबव. एवढे दिवस ऐकू आलं नाही, आणखी थोडा वेळ नाही आलं तर काही बिघडत नाही.

घरी बोळा घालून बघायचं राहिलंच. शनिवारी तिचं डोकं दुखत होतं, शुक्रवारी मूड नव्हता. आणि काल हॉटेलात पोचल्यावर, मी पियानोवर बसून पानं लावत असताना, तिनं कधी पर्स उघडली आणि कधी बोळा घातला ते मला दिसलंच नाही. केस त्या बाजूनं सोडलेले असतात तिचे. मला वाटलं, नेहमीसारखीच आहे.

पहिल्या गाण्यात मला जरा चमत्कारिक वाटलं. मी हात पुढं धरून बसलेली, आणि काही पडतच नाही. दुसऱ्यातही नाही. मी मनात म्हटलं, आज देवाची कृपा, पण शेवटच्या गाण्यात 'अजून' आहे, तिथं सावध राहायला हवं. पाहुणे पियानोवालेही येऊन बसले होते, खिडकीजवळच्या टेबलाशी.

'अ' झाला. 'जू' आला. मी आणि मामा एका झेपेत ई फ्लॅटवर.

आणि तुझी आई ईवर.

खरा ई, भोपळ्या. डिसेंबरानंतर पहिल्यांदा. आणि खाली आम्ही दोघं शहाणे, इतक्या रविवारी तिला झेलून झेलून हातांना सवय लागलेली, ती पडलीच नाही तरी झोळी पसरून उभे. ई फ्लॅटच्या डोक्यावर ई म्हणजे काय ते तुला सांगायला नको. बशीवर सुरी घासल्यासारखं झालं. टकल्याचा हात जागीच राहिला. मला आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती. हात काढून सीवर आणावेत, तर बोटं गोठली. मामांकडे बघितलं तर ते माझ्याकडे बघत होते.

तुझ्या आईनं डोळे उघडले. मी तिचं तोंड बघत होते. आधी तिला वाटलं असणार की आपलंच काही चुकलं. मग तिनं माझे हात बघितले. मग मामांची बोटं. मी एकटी चुकू शकते, मामा एकटे चुकू शकतात. पण पियानो आणि बेस एकाच क्षणी, एकाच चुकीच्या घरात शिरले, तर त्यांनी ती वाट पायाखाली घातलेली असते. एवढं जिला कळत नाही ती तुझी आई नव्हे. तिला कळलं. मी बघितलं तिला कळताना. हात कानाकडे गेला, बोळ्यापाशी थांबला आणि खाली आला.

आणि मग तिनं काय केलं ते ऐक. श्वास न तोडता, तोच 'जू' ओढत, ती ईवरून अर्धी पायरी वर चढली. एफवर. जाणूनबुजून, डोळे उघडे ठेवून, माझ्याकडे बघत. जिनं उभ्या जन्मात स्वतःचा सूर कुणासाठी हलवला नाही, तिनं तो माझ्या चुकीच्या कॉर्डसाठी हलवला. एफ लागला आणि ती कॉर्ड बरोबर झाली. नववा. शांत झालं सगळं. तिनं तो तसाच धरून ठेवला, मला सावरायला वेळ मिळेपर्यंत. मग भुवई उचलून मला खूण केली, ती खाली ईवर आली, आणि आम्ही तिघं मिळून सीवर आलो.

मला रडू आलं. पियानोवर रडले मी, सगळ्यांदेखत, त्यात लाज कसली.

नंतर आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या बोळात उभ्या होतो. वेटर उष्ट्या ताटल्यांचे ढीग घेऊन आमच्या मधून जात होते.

"केव्हापासून?" तिनं विचारलं.

"तुमच्या सर्दीपासून."

"दर रविवारी?"

"हो."

"म्हणजे लोक टाळ्या वाजवत होते ते..."

"सूर तुमचेच होते वन्सं. आम्ही फक्त खाली जागा करत होतो."

"आणि मी त्या ट्यूनरला शिव्या घातल्या," ती म्हणाली. तिला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच राहिलं. "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले होते. तुम्ही इस्त्री करत होतात."

तिला राग आला होता. तिच्या नाकावरून मला कळतं. मी म्हटलं, घाला शिव्या, मी घेते. पण तिनं बोळा काढून तळहातावर धरला, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"हा कुठल्या डॉक्टरांनी दिला?"

आता आणखी खोटं बोलायची मला ताकद नव्हती. "भोपळ्यानं पाठवला. तुम्हाला टोचू नये म्हणून कडा हातानं मऊ केल्यात त्यानं."

ती भिंतीला टेकली. म्हणाली, "मी त्याला सगळ्यांदेखत थांबवलं होतं. तू मला एकदाही थांबवलं नाहीस." मग पदार्थांच्या वाफेत, ताटल्यांच्या खणखणाटात, तुझी आई रडली. तुझे बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं. एक वेटर थांबला आणि त्यानं आम्हाला पाणी आणून दिलं.

तोंड धुऊन ती थेट पाहुण्यांच्या टेबलाकडे गेली. मी मागं. म्हणाली, "तुम्ही ज्या सुरांचं कौतुक केलंत ते मी चुकून गात होते. ते चुकीचे वाटू नयेत याची काळजी ही घेत होती." पाहुणे माझ्याकडे बघायला लागले, मी जमिनीकडे. ते म्हणाले, "मग वीस एप्रिलचं काय?" ती म्हणाली, "आधी कान दाखवून येते. मग सांगते."

कुणाला दाखवणार ते बोलली नाही. मीही विचारलं नाही. कळवलं ते एवढ्यासाठी, की तू घाईघाईनं फोन करू नयेस. तिला तिच्या पायांनी येऊ दे.

मामी

१५ मार्च

भोपळ्या,

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीनं येतोय, मी आणि तुझी आई. मामा घर बघायला थांबतायत, म्हणजे घर त्यांना बघेल. स्टेशनावर ये. तिच्याकडे एक बॅग आहे आणि माझ्याकडे दोन, तेव्हा माझ्या डब्याशी उभा राहा.

तपासताना तिच्याशी पेशंटसारखं बोल, मुलासारखं नंतर. त्या डबड्यांच्या खोलीत ती घाबरणार आहे आणि घाबरली की फटकळ होते, हे तुला नव्यानं सांगायला नको. कान पूर्वीसारखा होणार नाही असं असेल तर सरळ सांग. आता तिला सरळ सांगितलेलं चालेल. कार्यक्रम होईल, न होईल, मला त्याची आता फिकीर नाही. गाणं बंद करायचं असं तिनं म्हटलेलं नाही, आणि मला तेवढं पुरे आहे.

मी हे लिहीत असताना ती समोर बसली होती. म्हटलं, तुमच्याकडून काय लिहू? म्हणाली, "लिही, आई कान दाखवायला येतेय." लिहायला घेतलं तर म्हणाली, "थांब, ते नको." मग उठली, पियानोचं झाकण उघडलं, मला बोलावलं, आणि आम्ही बराच वेळ तिथं होतो. काय केलं ते मी सांगत नाही. तिनं माझ्या हातातून पेन घेतलं आहे. खालचं अक्षर तिचं आहे.

मामी

भोपळ्या,

त्या दिवशी तू धरलेला सूर एफ शार्प होता, एफच्याही अर्धी पायरी वर. मी विसरले नव्हते. आज डावा कान बंद करून तो मी स्वतः गायले आणि मामीला म्हटलं, तेव्हा खाली बाबांची सी मेजर होती, आता याच्याखाली जागा कर. याला शोभेल अशी कॉर्ड शोध. ती म्हणाली, शोधायला कशाला हवी, बाबा वाजवत होते तीच सी मेजर राहू दे. हा चढवलेला अकरावा आहे, तिसऱ्याच्या मांडीवरून उठलेला पाहुणा. मला पटेना, म्हणून मी तिला पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं आणि ऐकत राहिले.

काही बदलायची गरज नव्हती, बाळा. तो सूर तिथलाच होता.

आई